जैनुद्दीन मण्याराची काळी फरशी

लढाई नुकतीच संपली होती, साखर अजून कार्डावरच मिळत होती, आणि नेवाशाला बदलून आलेल्या शामकांत मास्तरांच्या बायकोचा, दमयंतीचा, अंगठा त्या सकाळी पुन्हा ठेचकाळला. मधल्या खोलीत भिंतीजवळ मातीच्या जमिनीला एक उंचवटा होता. शेणानं कितीही सारवा, तो आपला पाठ वर काढून बसलेला. एरवी दमयंतीनं त्याला दोन शिव्या हासडून सोडून दिलं असतं. पण संक्रांतीला नगरहून सासरे यायचे होते.

सासरे म्हणजे दत्तोपंत. कचेरीतली नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी घरातही ते टोपी घालून बसत, आणि सुनेनं चहा पुढं ठेवला की आधी खिशातलं घड्याळ काढून बघत. ते घड्याळ बघितलं की दमयंतीला हसू फुटायचं. तिचं हसू म्हणजे एक आजारच होता. एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. मग तोंडात पदर कोंबून ती स्वयंपाकघरात पळायची, आणि दत्तोपंत बाहेरून विचारायचे, "सूनबाईंना उचकी लागली का?"

आता मामंजींचा अंगठा त्या उंचवट्याला लागला तर, असा विचार तिच्या मनात आला. आधी तिला भीती वाटली. मग टोपी, घड्याळ आणि अंगठा धरून एका पायावर नाचणारे मामंजी डोळ्यापुढं आले, आणि एकटीच हसत ती परसात गेली, पहार घेऊन आली आणि उंचवट्यावर घातली.

माती उडाली. दुसरा घाव घातला आणि ठण्ण असा आवाज झाला.

तिला वाटलं, गेली पहार. वाकून तिनं माती हातानं बाजूला केली. खाली दगड होता. दगड निघणं यात नवल नव्हतं, सगळं नेवासंच दगडावर बसलेलं. पण हा दगड सपाट होता. तिनं आणखी माती ओढली. आणखी सपाट. तांब्याभर पाणी ओतून तिनं पदराच्या टोकानं पुसलं, आणि मातीच्या त्या भोकात, वीतभर खाली, काळ्याभोर दगडात एक डोळा तिच्याकडं बघायला लागला.

दमयंती किंचाळली. मग तिच्या लक्षात आलं की डोळा तिचाच आहे.

त्यानंतर जे झालं त्याला काही कारण देता येत नाही. शहाण्या बाईनं माती परत लोटली असती. दमयंतीनं पदर खोचला आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जमीन फोडत सुटली. फोडायची, पाटीत भरायची, परसात टाकायची. ढेकूळ सुटलं की खालून काळा तुकडा दिसायचा आणि तिला ओरडावंसं वाटायचं. शेजारी कुणी ऐकणारंही नव्हतं. घराचे मालक जैनुद्दीन मण्यार आणि त्यांची बायको मुबारकबी पलीकडच्या अर्ध्या भागात राहत, पण त्या दिवशी दोघंही बांगड्या घेऊन घोडेगावच्या बाजाराला गेली होती. गावात दुसरं घर मिळेना म्हणून शामकांतनं हे घेतलं होतं, आणि नगरला अजून कुणाला कळवलं नव्हतं की घर मण्याराचं आहे.

शाळा सुटून शामकांत आला तो ओसरीवर उभाच राहिला. आत त्याची बायको केसापासून पायापर्यंत मातीनं माखून खोलीच्या मधोमध बसली होती, आणि अर्धी खोली नाहीशी झालेली होती.

"अगं, हे काय केलंस?"

"अहो, बघा तरी! खाली फरशी आहे. केवढी काळी! आरशासारखी!"

"दुसऱ्याचं घर आहे, दमे! दुसऱ्याचं घर फोडलंस!"

"फोडलं कुठं? सोललं."

"आणि अण्णा परवा यायचेत!"

हे ऐकून दोघांचीही तोंडं उतरली. पण दमयंतीच्या भुवईवरचं ढेकूळ नेमकं तेव्हाच सुटून फुटक्या जमिनीवर टपकन पडलं, आणि तिचा आजार उसळला. ती हसली, मग बिचारा शामकांतही हसला, आणि हसता हसता त्यानं टोपी काढून खुंटीला लावली, धोतर वर खोचलं आणि पाटी उचलली. मालक यायच्या आत उरलेलं काढून तरी टाकू, म्हणजे बघायला जरा बरं दिसेल, असं त्याचं म्हणणं पडलं.

मालक आले तेव्हा दिवस मावळायचा होता. मुबारकबी पुढं होती. उंच, सडसडीत, दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या. गावातल्या प्रत्येक सुवासिनीचा हात तिनं धरलेला होता, त्यामुळं गावातली कुठलीही गोष्ट तिला आधी कळायची. ही मात्र तिच्याच घरात घडून तिला शेवटी कळली.

"या अल्ला!" ती दारातच थबकली. "मास्तरीणबाई, ह्ये काय क्येलं वो? जमीन कुटं गेली?"

दमयंतीनं पहार पाठीमागं लपवली. मुबारकबीच्या मागून जैनुद्दीन आत आले. बुटके, गोल, पांढऱ्या दाढीचे. पाठीवरची बांगड्यांची पेटी त्यांनी खाली ठेवली, चपला काढल्या आणि त्या काळ्या दगडावर पाय टेकला. मग दुसरा. आणि मग हा भारदस्त माणूस एकदम मांडी घालून खालीच बसला.

"अम्मा सांगत हुती," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "म्हनायची, आपल्या घरात काळी फरशी हुती, दिवा लावला का दोन दिवं दिसायचं. मला वाटायचं, पोराला झोपवायला सांगती."

"मग ती बुजवली कुणी?" शामकांतनं भीत भीत विचारलं.

"अब्बांनी. माझ्या येळंला अम्माला दिवस गेल्तं, आन् ती हितं घसरून पडली. अब्बा लई घाबरलं. दुसऱ्याच दिवशी गाड्या भरून माती आनली आन् टाकली." त्यांनी फरशीवर हात फिरवला. "म्हंजे मास्तर, जल्माला यायच्या आदीच मी हिच्यावर पडल्यालो हाय."

दमयंतीनं पदर तोंडात कोंबला. पण मुबारकबीच आधी खळखळून हसली, मग जैनुद्दीनही, आणि एवढा वेळ दाबून धरलेलं दमयंतीचं हसू सुटलं ते थांबेचना. जैनुद्दीन डोळे पुसत म्हणाले, "काडा, समदी काडा. आता अर्दी ठिवू नका."

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या घराचा उंबरा इतका बुटका का, हे कोडंही सुटलं होतं. माती निघाली तसा तो चांगला वीतभर वर आला होता.

दुसऱ्या दिवशी मुबारकबी संक्रांतीच्या बांगड्या भरायला गावात गेली, आणि एकेक मनगट चेपत तिनं ही गोष्ट घरोघर सांगितली. सांगता सांगता ती वाढली. पहिल्या आळीत फरशी काळी होती, दुसऱ्या आळीत ती आरशासारखी झाली, आणि ती नदीच्या बाजूला पोचली तोवर फरशीत माणसाच्या मनातलंसुद्धा दिसायला लागलं होतं. व्हायचं तेच झालं. गावानं आपापली जमीन उकरायला घेतली.

समोरच्या आसाराम शिंप्यानं मशीन ओसरीवर काढलं आणि आतली जमीन खणली. त्याला जात्याची एक तळी सापडली, तीसुद्धा फुटकी. छबूबाईनं चुलीशेजारी खड्डा पाडला, त्यात तिची कोंबडी पडली आणि बाहेर निघेना, म्हणून छबूबाई आत उतरली आणि तिलाही निघेना. कुणाला मोठा रांजण सापडला, कुणाला नुसतेच उंदीर. काळी फरशी कुणाकडंच निघाली नाही. पण राग कुणालाच आला नाही. आळीभर धूळ उडत होती, जो तो दारात येऊन "तुमच्याकडं काय निघालं?" असं शेजाऱ्याला विचारत होता, आणि शाळेत मुलं केसांत माती घेऊन येत होती.

इकडं खरं काम सुरू झालं होतं. फरशी निघाली तरी ती चकाकत नव्हती. तो पहिला डोळा दिसला होता तेवढ्याच जागी चमक होती. बाकी सगळीकडं इतक्या वर्षांच्या मातीचा करडा थर दगडाला धरून बसला होता. आधी दमयंतीनं चिंच लावली, भांडी उजळतात म्हणून. फरशी होती तशीच राहिली, नुसते मुंगळे आले. मग मुबारकबीनं प्रवरेची बारीक वाळू आणली. दोघींनी ओल्या वाळूवर दगडाचे गोटे धरून घासायला सुरुवात केली. करकर असा आवाज सकाळपासून. दुपारपर्यंत हात भरून आले, पण एक चिरा मऊ लागायला लागला. गाल टेकून बघावा असा.

दमयंतीनं खरंच गाल टेकला. डिसेंबरचं गार पाणी तोंडावर मारल्यासारखं वाटलं.

"मुबारकबी, तुम्ही बघा ना!"

मुबारकबीनं इकडं तिकडं बघितलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि आपलाही गाल टेकला. दोन बायका, एक पंचविशीच्या आतली आणि एक पन्नाशीच्या जवळची, जमिनीला गाल लावून एकमेकींकडं बघत पडल्या होत्या. दारात दत्तोपंत उभे राहिले ते तेव्हा.

हातात छत्री, डोक्यावर टोपी, मागं मोटारीवरून ट्रंक घेऊन आलेला शामकांत. शामकांतचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. दमयंती ताडकन उठली आणि ओल्या पदरानं डोकं झाकायला गेली, तशी वाळू सगळी कपाळावर आली. मुबारकबी भिंतीला चिकटली.

दत्तोपंतांनी दाराशी जोडे काढले. त्यांनी उंबरा ओलांडला, आणि सवयीनं घड्याळ काढायला खिशात हात घातला. पण त्यांची नजर खाली गेली. घासलेल्या त्या एका चिऱ्यात ते स्वतःलाच दिसले, आणि तेही खालून: हनुवटी, नाकपुड्या, टोपीची आतली कड. हा नमुना त्यांनी सबंध आयुष्यात पाहिलेला नव्हता. मान डावीकडं केली. खालच्यानंही केली. उजवीकडं केली. दमयंती ओठ चावून उभी होती.

"हे कोणी घासलं?" दत्तोपंतांनी विचारलं.

"आम्ही, मामंजी."

"चुकीचं घासलंय."

दमयंतीनं चिऱ्याकडं बघितलं.

"गोल घासलंय. गोल घासलं की चरे उठतात. सरळ घासायचं असतं. आमच्या कचेरीत साहेबाच्या टेबलाला पट्टेवाला सरळ हात मारायचा. एका रेघेत." त्यांनी छत्री शामकांतकडं दिली. टोपी दिली. दमयंतीनं त्यांचं उघडं डोकं पहिल्यांदा बघितलं. मग त्यांनी कोट उतरवला, धोतर सावरलं आणि गुडघ्यांवर बसत हात पुढं केला. "गोटा द्या इकडं."

मुबारकबी भिंतीपासून सुटली. "काका, दगड हाय ह्यो, टेबल न्हाई. गोलच घासाया लागतं. पाटा-वरवंटा कुनी सरळ घासलाय का?"

दत्तोपंतांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "आपण कोण?"

"या घराच्या मालकीणबाई," शामकांत घाईघाईनं म्हणाला, आणि डोळे मिटून पुढचं बोलून टाकलं, "मुबारकबी मण्यार."

नगरहून लपवलेली गोष्ट अशी एका दमात बाहेर पडली. शामकांत आता काय होतंय म्हणून वाट बघत राहिला. दत्तोपंतांनी थोडा वेळ विचार केला. पण त्यांचा हात गोट्यावर होता आणि नजर फरशीवर, आणि त्या घडीला त्यांना एकच गोष्ट महत्त्वाची वाटत होती.

"मालकीणबाई," ते म्हणाले, "तुमचं गोल चुकतंय."

"तुमचं सरळ चुकतंय," मुबारकबी म्हणाली.

शेवटी दमयंतीनंच तोडगा काढला. रांगोळीची चिमूट घेऊन तिनं खोलीच्या मधोमध रेघ ओढली. भिंतीकडची अर्धी मामंजींची, ओसरीकडची अर्धी मुबारकबीची. ज्यानं त्यानं आपल्या पद्धतीनं घासावं. रथसप्तमीला हळदीकुंकू करायचं, तेव्हा गावातल्या बायका येतील, त्याच ठरवतील कुठली अर्धी जास्त चकाकते.

दत्तोपंत संक्रांतीपुरते आले होते. संक्रांत आली आणि गेली. तिळगूळ त्यांनी घासता घासताच खाल्ला. नगरला त्यांनी निरोप पाठवला की इथं काम निघालं आहे, उशीर होईल. काय काम ते सांगितलं नाही.

काम खरोखरच मोठं होतं. वाळूनंतर कुरुंदाचा दगड आला, कोयते-विळ्यांना धार लावतात तो, आसाराम शिंप्याच्या मेहुण्याकडून मागून आणलेला. तो एकच होता. दत्तोपंत सकाळी लवकर उठून तो ताब्यात घ्यायचे. मुबारकबीनं मग विटेची पूड चाळून वस्त्रगाळ केली आणि ती नारळाच्या काथ्यानं चोळली, असं गोल गोल, की तिच्या बांगड्यांचा ठेका धरल्यासारखा आवाज व्हायचा. रेघेच्या पलीकडून दत्तोपंत मान उचलून बघायचे आणि बघितलंच नाही असं दाखवायचे. दुसऱ्या दिवशी त्यांच्याही बाजूला विटेची पूड दिसायची.

"काका, चोरी क्येली व्हय माजी?"

"चोरी नाही. पाहणी."

एका दुपारी ते इतके रंगून घासत होते की मुबारकबीनं तहान लागली असेल म्हणून पेला पुढं केला, आणि त्यांनी न बघता तो घेऊन रिकामा केला. मग त्यांना कळलं. उभ्या जन्मात त्यांनी जातीबाहेरच्या कुणाच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. रिकाम्या पेल्याकडं ते जरा वेळ बघत राहिले. दमयंती दारात थबकली. दत्तोपंतांनी पेला परत दिला.

"आणखी आहे का?" ते म्हणाले.

मग मुबारकबीनं करवंटी जाळून तिची काळी राख केली आणि जवसाच्या तेलात कालवून लावली. तिची अर्धी अशी काही काळी झाली की आत पडू असं वाटावं. ते बघून दत्तोपंतांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी उठून त्यांनी मधमाश्यांचं मेण मिळवलं, तेल घालून पातळ केलं आणि आपल्या बाजूला लावलं. वरून घोंगडीच्या तुकड्यानं घासलं. सरळ. एका रेघेत. त्यांची अर्धी आता अशी झाली की खिडकीतलं ऊन तिच्यावर पडून छतावर नाचायला लागलं.

याचा परिणाम पहिल्यांदा जैनुद्दीनच्या मांजरावर झाला. ते उंदराच्या मागं ओसरीवरून आत धावलं. उंदीर वळला. मांजराला वळता आलं नाही. चारही पाय पसरून ते मुबारकबीच्या अर्धीतून रेघ ओलांडून दत्तोपंतांच्या अर्धीत गेलं आणि भिंतीपाशी जाऊन बसलं, जणू बसायलाच निघालं होतं. दमयंतीला हसता हसता भिंत धरावी लागली. त्या दिवसापासून दुपारी घरात कुणी नसलं की ती ओसरीवरून धावत यायची, उंबऱ्यावरून उडी मारून पाय जोडायची आणि खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत सुळ्ळकन जायची. एकदा घसरत घसरत शेवटाला पोचली तर तिथं शामकांत उभा. तिला वाटलं, आता बोलणी बसणार. तो म्हणाला, "सरक, मला येऊ दे."

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी नगरहून सासूबाईच आल्या.

त्यांनी मनात फार वाईट चित्र धरलं होतं. एक तर नवरा आजारी असणार, नाही तर मुलाची नोकरी गेली असणार. मोटारीतून उतरून त्या जवळजवळ पळत आल्या, आणि दारातून बघतात तर दत्तोपंत उघड्या अंगानं, पालथे, घोंगडीच्या तुकड्यानं जमीन पुसताहेत.

"अहो! हे काय?"

"पाय पुसून आत या," दत्तोपंत मान वर न करता म्हणाले.

सासूबाई पाय पुसून आत आल्या. इतक्या वर्षांत नवऱ्याला त्यांनी घरात कधी पाण्याचा तांब्या उचलताना बघितलं नव्हतं. "तुम्हाला बरं आहे ना?"

"बरं आहे. कुठली अर्धी जास्त चकाकते, ते सांगा."

सासूबाईंनी या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं. मग सुनेकडं बघितलं. सून तोंडात पदर घालून लाल झालेली. "मला तर," सासूबाई म्हणाल्या, "सगळंच वेडं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी दुपार उतरल्यावर बायका आल्या. वाण कमी, बघायची हौस जास्त. छबूबाई आली, आसारामची बायको मालनबाई आली, नदीपलीकडच्याही आल्या. दत्तोपंत ओसरीवर पायपुसण्याशी बसले होते आणि एकेकीला पाय पुसूनच आत सोडत होते. बायकांच्या समारंभात पुरुषानं असं बसावं हे कुणी ऐकलेलं नव्हतं, पण फरशी सोडून जायला ते तयार नव्हते. जैनुद्दीननं त्यांना आपल्याकडं चहाला ओढून न्यायचा प्रयत्न केला. "चहा इकडेच आणा," ते म्हणाले.

आत बायका खाली बघत उभ्या. प्रत्येकीच्या पायाशी आणखी एक बाई, पायाला पाय लावून, डोकं खाली करून. "अगंबाई, माझी नथ बघ!" "माझ्या लुगड्याचा काठ!" कुणाला हलवेना. निवाडा काय व्हायचा? निम्म्या म्हणाल्या, भिंतीकडची. निम्म्या म्हणाल्या, ओसरीकडची. मुबारकबी आणि दमयंती हळदकुंकवाचं तबक घेऊन मध्ये उभ्या. शेवटी सगळ्या सासूबाईंकडं वळल्या. नगरच्या, वयानं मोठ्या, त्या सांगतील ते खरं.

सासूबाई रेघेवर येऊन उभ्या राहिल्या. एक पाय या अर्धीत, एक त्या अर्धीत. आणि तेवढ्यात त्यांचा डावा पाय मेणावर थोडा सरकला. तोल सावरायला त्यांनी समोरच्या बाईचे हात पकडले. ती मुबारकबी होती. मुबारकबीनं घट्ट धरलं. दोघी अर्धा फेरा फिरल्या आणि थांबल्या. सासूबाईंच्या चेहऱ्यावर एक नवल पसरलं.

"अगं," त्या म्हणाल्या, "ही तर आपोआप फिरवते."

त्यांनी हात उलटसुलट गुंफले, पायाला पाय जुळवले, मागं झुकल्या आणि फुगडी सुरू केली.

मातीच्या जमिनीवर फुगडीला दम लागतो. पाय धरतात, माती उडते. इथं काही करावंच लागत नव्हतं. एकदा झोका दिला की फरशीच फिरवायची. सासूबाई आणि मुबारकबी अशा गरगरल्या की लुगड्यांचे रंग एकात एक मिसळले. छबूबाईनं मालनबाईला ओढलं. नदीपलीकडच्या दोघी सुरू झाल्या. दमयंतीच्या हातातलं तबक तिरकं झालं आणि हळद सांडली.

"हळद!" ओसरीवरून दत्तोपंत ओरडले. "हळदीचा डाग पडेल!"

घोंगडीचा तुकडा घेऊन ते आत घुसले, गुडघ्यांवर बसले आणि हळद पुसायला लागले. पुसून झाल्यावर त्यांनी मान वर केली तेव्हा बाहेर पडायला वाट राहिली नव्हती. चारी बाजूंना फुगड्या. या बाजूनं पदर येई, त्या बाजूनं वेणी येई. ते चारही पायांवर इकडं सरकले, तिकडं सरकले.

"अहो, हळू! फरशीवर चरे उठतील! मालकीणबाई, निदान सरळ तरी!"

"फुगडी सरळ कशी घालू, काका?" मुबारकबी गरगरत ओरडली. "गोलच घालाया लागती!"

दत्तोपंतांनी तोंड उघडलं. त्यांना काही तरी उत्तर द्यायचं होतं. पण उत्तराच्या जागी आतून वेगळाच आवाज आला, कोरड्या नळातून पाणी येण्याआधी येतो तसा. त्यांनी छातीला हात लावला. पुन्हा आला. आणि मग ते बसल्या जागी हसायला लागले, पोटापासून, खांदे हलवत, चष्मा नाकावरून सुटून फरशीवर घसरत गेला तरी. दारात आलेला शामकांत तसाच उभा राहिला. आपल्या वडिलांना हसताना तो जन्मात पहिल्यांदा बघत होता. त्याला आधी वाटलं, त्यांना काही तरी होतंय.

"अण्णा? बरं आहे ना?"

दत्तोपंतांनी हातानंच सांगितलं की बरं आहे, फार बरं आहे. दमयंतीनं घसरत जाऊन चष्मा पकडला, परत फिरली ती थेट शामकांतच्या अंगावर आदळली, आणि एवढ्या बायकांसमोर नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवून हसत राहिली. कुणी नावं ठेवली नाहीत. कुणाला दिसतच नव्हतं, सगळ्या फिरत होत्या.

फुगड्या थांबल्या तेव्हा रांगोळीची रेघ कुठंच नव्हती. मेण त्या अर्धीत गेलं होतं, तेलातली राख या अर्धीत आली होती, आणि इतक्या पायांनी चोळून चोळून सगळी खोली एकसारखी काळी, एकसारखी चकचकीत झाली होती. कुठली अर्धी कुणाची हे दत्तोपंतांनाही सांगता येईना, मुबारकबीलाही येईना. दोघांनी दोन टोकांना उभं राहून नीट निरखून बघितलं.

"तुमची माजीवानी झाली," मुबारकबी म्हणाली.

"तुमची माझ्यासारखी झाली," दत्तोपंत म्हणाले.

बायका वाण घेऊन, भिंती धरत धरत घरी गेल्या. आळीत अजून हसणं ऐकू येत होतं. जैनुद्दीन चहाची किटली घेऊन आले तेव्हा खोलीत घरची माणसं उताणी पडली होती: सासूबाई, मुबारकबी, दमयंती, आणि जरा अंतर ठेवून शामकांत आणि दत्तोपंत. पाठीला फरशी गार लागत होती. छताच्या वाशांकडं सगळ्यांचे डोळे लागलेले, आणि वासे हळूहळू फिरत होते.

"काय झालं?" जैनुद्दीननं घाबरून विचारलं. ज्या फरशीवर आपण जन्मायच्या आधी पडलो होतो तिच्यावर इतकी माणसं पडलेली बघून त्यांना अम्माचं पडणं आठवलं होतं. "कोन पडलं?"

"कुणी नाही," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या. "या, तुम्हीही पडा. घर फिरतंय."

जैनुद्दीननं किटली जपून उंबऱ्यावर ठेवली. मग पाय पुसले, दत्तोपंतांनी बघितलंय ना याची खात्री करून घेतली, आणि त्यांच्याशेजारी आडवे झाले.

"व्हय की," थोड्या वेळानं ते म्हणाले. "फिरतंयच."